१९४५च्या आधीचं घर

व्हिएन्ना, शनिवार, २ मार्च २०२४

ऑटाक्रिंगमधलं घर मनात भरलं. सोळावा जिल्हा, ब्रुननमार्क्टच्या बाजारामागची गल्ली, ५२ चौरस मीटर. उंच छत, लाकडी जमीन, दुहेरी तावदानांच्या खिडक्या. जिन्याच्या वळणावर भिंतीला लोखंडी कुंडी आणि वर नळ. त्याला इथे बासेना म्हणतात. एके काळी घरात नळ नसायचा, अख्खा मजला इथूनच पाणी भरायचा, संडासही बाहेर सामाईक. गिरगावातल्या आमच्या चाळीची फार आठवण झाली. आता सगळं घराच्या आत आलंय, नळ तेवढा भिंतीवर राहिलाय.

घर बघायला आलेल्यांची रांग जिन्यावरून खालच्या दारापर्यंत होती. एकेकाला जेमतेम पाच मिनिटं. पगाराच्या पावत्या, नोकरीचा करार, पासपोर्ट हे सगळं हातात तयार ठेवावं लागतं. १ जुलै २०२३पासून ज्याने एजंट नेमला त्यानेच दलाली द्यायची, असा नियम झालाय. माझ्याआधी व्हिएन्नात आलेल्यांची दोन-दोन महिन्यांची भाडी दलालीत गेली होती. अनामत मात्र तीन महिन्यांचीच.

मी एजंटला एकच गोष्ट विचारली: इमारतीचा बांधकाम परवाना कधीचा? १८९०च्या दशकातला, म्हणाला. इथे सगळं या उत्तरावर ठरतं. ८ मे १९४५पर्यंतच्या परवान्यावर बांधलेल्या भाड्याच्या इमारतींना सहसा भाडेकरू कायदा पूर्ण लागू होतो, म्हणजे भाड्यावरही मर्यादा येते. ऑफिसातले बहुतेक जण डोनाउश्टाटच्या नव्या टॉवरमध्ये राहतात. तिथे लिफ्ट आहे, गॅलरी आहे, यूएनच्या कचेऱ्या जवळ आहेत, पण भाडं बाजार ठरवतो. नव्याने येणाऱ्यांना जुन्या घरांची भीती वाटते, आणि हे संरक्षण त्यांना कुणी सांगतच नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रात्री हिशोब मांडला. व्हिएन्नाचा मूळ दर, म्हणजे अशा जुन्या घरांसाठी कायद्याने ठरवलेलं महिन्याचं पायाभूत भाडं, सध्या चौरस मीटरला ६.६७ युरो. ५२ मीटरचे ३४६.८४. करार तीन वर्षांच्या मुदतीचा आहे, म्हणून २५ टक्के वजा: साधारण २६० युरो. घरातल्या सोयींप्रमाणे यात थोडी भर पडते, शिवाय इमारतीचा खर्च आणि कर वेगळे. चांगल्या वस्तीचा अधिभार मात्र प्रत्येक ठिकाणी लावता येत नाही. आसपासची बहुतेक घरं १८७० ते १९१७ या काळातली आणि मुळात बिनसोयींची असतील, तर तो बसत नाही. ऑटाक्रिंगचा बराच भाग असाच आहे. सगळ्या भरी धरूनही माझा आकडा मागितलेल्या भाड्याच्या खूप खाली येतो.

मग घासाघीस का केली नाही? मागे रांग होती. तोंड उघडलं असतं तर घर पुढच्या माणसाला गेलं असतं. पण कायद्याने ही रांग आधीच गृहीत धरलेली आहे. सही केल्यावरही भाडं तपासून मागता येतं. मुदतीचा करार असेल तर तो संपल्यानंतर सहा महिन्यांपर्यंत. पालिकेच्या तंटा निवारण कचेरीत अर्ज करायचा, त्याला पैसे पडत नाहीत. जास्त घेतलेली रक्कम व्याजासकट परत मिळू शकते.

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "सही करायची आणि मग भांडायचं, हे काही पटत नाही गं." त्यांचं म्हणणं मला समजतं. त्यांनी चाळीचं भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठलेलं पाहिलंय, आणि मालकाने हात आखडल्यावर टेकू लावून उभे ठेवलेले सज्जेही पाहिलेत. भाडं गोठलं की घरही खचतं, हे त्यांनी अनुभवलंय. इथे मात्र मूळ दर महागाईबरोबर वाढवला जातो. मालक उपाशी राहत नाही, त्याला फक्त रांगेचा फायदा उठवता येत नाही. ज्याला राहायला आल्यापासून तीन दिवसांत मेल्डेत्सेटलवर, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीवर, घर देणाऱ्याची सही हवी असते, त्याने दिलेला शब्द मोकळ्या मनाने दिलेला असतो का? शब्द पाळावा, हे मलाही पटतं. पण तो आधी दोन्ही बाजूंनी मोकळेपणी दिलेला असावा.

खरी अडचण मुदतीची आहे. मधेच अर्ज केला तर तीन वर्षांनी करार वाढवून मिळेलच असं नाही. म्हणून पुष्कळ जण गप्प राहतात, आणि ही मुदत कायद्यातली सगळ्यात कच्ची जागा आहे असं माझं ठाम मत झालंय.

सही करणार आहे. परवान्याचं साल आणि घराचं क्षेत्रफळ एजंटकडून लेखी मागवलंय. सोमवारी दुपारी भाडेकरूंना मोफत सल्ला देणाऱ्या पालिकेच्या केंद्रात जाऊन कराराचा मसुदा दाखवीन. पुण्याहून परवाच आलेला नवा सहकारीही सोबत येतोय, त्याच्या हातातही असाच एक मसुदा आहे.