शके १८५७

त्या काकांना मी दोनदा "नाहीये ओ" म्हणून परत पाठवलं, ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय.

मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. जिल्ह्यातल्या काही वाचनालयांची यादी आता कोहा या वाचनालयांच्या सॉफ्टवेअरवर एकत्र आहे, नाव टाकलं की कुणाच्या कपाटात काय ते दिसतं. काकांना त्यांच्या आजोबांनी गावावर लिहिलेली पुस्तिका हवी होती, १९३५च्या आसपासची, घरातली प्रत पुरात गेली. मी 'गाव' टाकलं, आडनाव टाकलं, आणि त्या आडनावाचे लेखक ढीगभर म्हणून १९३० ते १९४० अशी वर्षाची अट लावली. काहीच नाही.

तिसऱ्यांदा आले तेव्हा शं. ग. दात्यांची ग्रंथसूची काढली, १८०० ते १९३७मधल्या मराठी पुस्तकांची यादी. त्यात होती! मग मात्र मी हट्टालाच पेटले. १९६२च्या आधीचं शुद्धलेखन म्हणजे गांव, नांव, कांहीं, आणि आमच्या सर्चला गाव आणि गांव हे दोन वेगळे शब्द, म्हणून 'गांव' टाकलं, तरी नाही. शेवटी वर्षाची अट काढली आणि आली की समोर, २५ किलोमीटरवरच्या वाचनालयात, प्रकाशन वर्ष १८५७.

तिथल्या सरांना फोन लावला, म्हटलं कव्हर नको, आतलं पान बघा. "मॅडम, शके १८५७ लिहिलंय." त्यात ७८ मिळवले की १९३५. नोंदी करणाऱ्या पोराला एका नोंदीमागे पैसे मिळायचे, शके म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलंच नाही, आणि तपासायला माणूस नेमायचं कुणाच्या मनातही आलं नाही, राग येतो तो याचा.

दोन वाचनालयांत पुस्तक द्यायघ्यायची पद्धतच नाही, माझ्या सहीच्या पत्रावर सरांनी एसटीने येणाऱ्या शिपायाबरोबर पाठवलं. पिवळं पडलेलं पान, कोपऱ्यात लाल शाईतला दाखल नंबर. काका काही बोलले नाहीत, आजोबांच्या नावावरून नुसतं बोट फिरवत राहिले.

काल वर्षाच्या रकान्यात १८५० ते १८९९ टाकून बघितलं. चार पानं भरून पुस्तकं आली. यातली खरी जुनी कुठली आणि शकेवाली कुठली ते प्रत हातात घेतल्याशिवाय कळणार नाही, आणि बहुतेक प्रती दुसऱ्यांच्या कपाटात आहेत. सरांना पहिल्या पानाची यादी पाठवलीय.