टीचरचा फणस

निवृत्त होणाऱ्या शिक्षकांना भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, हा नियम कुणी केला कोण जाणे. ज्यांचा सगळा जन्म घंटेवर गेला, त्यांना आता घरी बसल्यावरही वेळ दाखवायची! कुठल्याही जुन्या शिक्षकांच्या घरी जाऊन बघा. एक घड्याळ हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एखादं खोक्यातच, आणि प्रत्येकाच्या पोटावर 'सप्रेम भेट'. त्यातल्या दोघांची वेळ जुळेल तर शपथ.

२०२५च्या मार्चमध्ये माझ्या मुलीच्या सातवीच्या वर्गानेही घड्याळच ठरवलं होतं. वर्गणीही निघाली. टीचर मार्चअखेर साठ पूर्ण करून घरी बसणार होत्या, आणि त्याचं मुलांना दुःख होतं त्याहून जास्त राग होता. कारण त्या वर्षी निरोपाचा मान मुलांचा होता. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या या गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीला कुणी वाळपईला, कुणी होंड्याला, एकटी साखळीला मामाकडे. जायचं आपण, रडायचं टीचरनी, असा बेत होता. टीचरच आधी निघाल्या म्हटल्यावर तो सगळाच फिसकटला.

या टीचर गणित आणि विज्ञान शिकवायच्या. गावची मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत असतात आणि पाचवीत पाऊल ठेवलं की पुस्तकं इंग्रजी. जूनमध्ये सगळा वर्ग दिङ्मूढ होऊन बसलेला असायचा. टीचर धडा इंग्रजीत वाचायच्या, समजावायच्या मराठीत आणि ओरडायच्या कोकणीत. 'ओगी रावात!' म्हटलं की मागचा बाक जागच्या जागी गप्प. प्रकाशसंश्लेषण शिकवताना त्यांनी फणसाच्या पानाचा तुकडा काळ्या कागदाने झाकून ठेवायला लावला होता. काही दिवसांनी कागद काढला तर खालचा हिरवा रंग उतरलेला. लेकीने ते पान वहीत जपून ठेवलंय. विज्ञानाचे गुण जपण्यासारखे नव्हते, ती गोष्ट वेगळी.

शेवटच्या दिवशी घड्याळ दिलं, भाषणं झाली, ती मी ऐकली नाहीत. पण दुपारी बसस्टॉपवरचा प्रकार पाहिला. एका पोराच्या परसातल्या फणसाला दरवर्षी सगळ्यांच्या आधी फळ धरतं. त्याने एक तयार झालेला फणस सुतळीने बांधून आणला होता. ओळखायचा कसा, तर काटे पसरट झालेले आणि थाप मारली की आवाज पोकळ. टीचर डिचोलीच्या. एका हातात घड्याळाचं खोकं, दुसऱ्या हातात सुतळीला लोंबणारा फणस, देठाचा चीक पदराला. कदंबाचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, कंडक्टर म्हणाला, "बाई, याचंही तिकीट काढायचं काय?" सगळी पोरं खदखदून हसली. डोळे पुसायचं कुणाला सुचलंच नाही, आणि मला वाटतं ते बरंच झालं.

पुढचं मात्र मला खटकलं. आमच्या वेळी असल्या ताटातुटी मे महिना गिळून टाकायचा. परीक्षा संपली की काजूच्या बागेत बोंडू पिळायचे, करवंदं, आंबे, आजोळ. जूनमध्ये नव्या छत्रीसकट शाळेत जाईपर्यंत जुन्या वर्गाची हुरहुर कुठल्या कुठे विरलेली असायची. त्या वर्षी गोव्यात आठवीचं नवं वर्ष ७ एप्रिललाच सुरू झालं. म्हणजे आठवडाभरात टीचर गेल्या, मैत्रीण साखळीला गेली आणि लेक वाळपईच्या बसमध्ये नवा गणवेश घालून. मोठ्यांना बदलीनंतर रुजू व्हायला चार दिवस मिळतात, पोरांना तेवढेही नाहीत. मे महिन्याची सुट्टी नंतर मिळाली खरी, पण तोवर दुखायचं ते दुखून झालं होतं.

त्या एप्रिलमध्ये आयांच्या फोनवरून या मंडळींचा एकच वाद चालला होता: फणस घट्ट गऱ्यांचा कापा निघणार की मऊ गऱ्यांचा रसाळ. झाडवाल्याला ठाऊक होतं, पण तो सांगेना. शेवटी टीचरचाच निरोप आला. रसाळ निघाला, रसाची साटं (फणसपोळ्या) घातली आहेत, वाळली की न्यायला या. वाळपई, होंडा आणि साखळी अशा तिन्हीकडच्यांनी रविवारची बस लगेच ठरवली. येताना आठवीची गणिताची वही आणायची, ही अट टीचरनी दुसऱ्या निरोपात घातली, तेव्हा दोघांना अचानक ताप आला.