जयनगर ते इलेक्ट्रॉनिक सिटी: बेंगळुरूतले माझे पहिले सहा महिने

कोल्हापुरात राजारामपुरीतून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मी सात वर्षं स्कूटरवरून जात होते. पंचवीस मिनिटं, फार तर अर्धा तास. जून २०२५ मध्ये नोकरीसाठी बेंगळुरूला आले. घर जयनगरात, ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. "पाऊण तास धरून चाल," असं मी आईला फोनवर सांगितलं.

पहिल्या सोमवारी साडेआठला कॅबनं निघाले. सिल्क बोर्डच्या चौकातच पावणेदहा वाजले. तिथल्या केंद्रीय रेशीम मंडळाच्या कार्यालयावरून चौकाला हे नाव पडलंय. होसूर रोड आणि आउटर रिंग रोड इथंच मिळतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणारे आणि बेळंदूर-मारतहळ्ळीकडे वळणारे सगळे एकाच जागी येऊन तुंबतात. पुढं बोम्मनहळ्ळीपासून जवळपास दहा किलोमीटरचा उन्नत टोल रस्ता आहे, त्यावर गाडी छान पळते. पण त्या रस्त्याला लागेपर्यंतच जीव जातो. त्या दिवशी जायला एक तास पन्नास मिनिटं लागली आणि परतताना पाऊस, म्हणून त्याहून जास्त. घरी येऊन मी अक्षरशः रडले.

दुसऱ्या आठवड्यापासून वहीत वेळा लिहायला लागले. तुम्हीही लिहा. सव्वासातला निघालं की पन्नास मिनिटं, आठला निघालं की सव्वा तास, साडेआठनंतर काही भरवसा नाही. म्हणजे साडेआठपेक्षा सव्वा तास लवकर निघायचं आणि पहिल्या दिवसाच्या मानानं एक तास वाचवायचा. मंगळवार ते गुरुवार गर्दी जास्त, शुक्रवारी रस्ता जरा मोकळा. पावसाचंही गणित वेगळं आहे. आपल्याकडे जुलैत दिवसभर रिपरिप असते; इथं मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बऱ्याचदा संध्याकाळी धो धो कोसळतो, नेमका ऑफिस सुटताना. अशा वेळी मी तासभर ऑफिसातच थांबते.

खरा बदल झाला तो ११ ऑगस्टला. मेट्रोची पिवळी लाइन प्रवाशांसाठी सुरू झाली: आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, एकोणीस किलोमीटर, सोळा स्थानकं. आर. व्ही. रोड स्थानक माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. सुरुवातीला गाड्या तीनच होत्या, पंचवीस मिनिटांनी एक यायची, त्यामुळे एक चुकली की हाल. तरीही पहिल्या दिवशी सिल्क बोर्डवरून गाडी पुढं गेली आणि खाली तीच रांग दिसली, तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं. आता घर ते ऑफिस पाऊण तास लागतो. आईला सांगितला होता तेवढाच.

म्हणून येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: घर बघायच्या आधी रस्ता बघा, तोही कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला. रविवारी दलालाबरोबर फिरून काही कळत नाही. मारतहळ्ळीला मला यापेक्षा स्वस्त घर मिळत होतं, पण रिंग रोडवरच्या मेट्रोचं काम अजून चालू आहे. व्हाइटफील्डला ऑफिस असेल तर जांभळ्या लाइनीवर घर शोधा. ती ऑक्टोबर २०२३ पासून चल्लघट्ट ते व्हाइटफील्ड सलग धावते. भाडं दोन-तीन हजारांनी जास्त पडलं तरी द्या. स्थानकापासून ऑफिसपर्यंतचा शेवटचा तुकडाही आधी चालून बघा, कारण तिथं रिक्षा हवी तेव्हा मिळेलच असं नाही. मेट्रोचं कार्ड काढलं की तिकिटात पाच टक्के सूट मिळते आणि रांगही टळते.

बायकांसाठी एक गोष्ट. साध्या सरकारी बसमधला मोफत प्रवास कर्नाटकात राहणाऱ्या महिलांसाठी आहे. ओळखपत्रावर महाराष्ट्राचा पत्ता असेल तर तिकीट काढावं लागतं.

स्वतःची गाडी आणायची घाई करू नका. आणलीच आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर इथं नव्यानं नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधी आपल्या आरटीओची एनओसी हवी, इथला रस्ता कर भरायचा आणि तिकडचा उरलेला परत मागायचा. माझी स्कूटर मी कोल्हापुरात भावाला दिली.

आणि चार शब्द कन्नड शिकाच. रिक्षावाल्याला "बर्तीरा?" म्हणजे "येता का?" असं विचारलं की त्याचा चेहराच बदलतो. उतरायचं असलं की "इळीबेकु". सुट्ट्या पैशांना इथं "चिल्लरे" म्हणतात, ते आपल्याला शिकायलाच नको. भरलेल्या बसमध्ये पहिल्यांदा मी "स्वल्प अडजस्ट माडी", म्हणजे "जरा सांभाळून घ्या" असं म्हटलं, तेव्हा खिडकीजवळच्या आजींनी मांडीवर पिशवी घेतली आणि मला बसायला जागा करून दिली.