नीरेपलीकडची वारी

माझी आत्या पुणे ग्रामीण पोलिसांत होती. शिपाई म्हणून भरती झाली, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाली. नोकरीत असताना माऊलींची पालखी तिच्या वाट्याला यायची ती सासवड, जेजुरी, वाल्हे एवढीच. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि बंदोबस्त तिकडच्या पोलिसांकडे जातो. पालखी पुलावरून पलीकडे गेली की आत्या अलीकडूनच हात जोडायची आणि पोलीस गाडीत बसून परत. "माझं पंढरपूर नीरेलाच," म्हणायची. 58व्या वर्षी निवृत्त झाली आणि त्याच आषाढात पूल ओलांडला.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. यंदा मी तिच्या दिंडीत चालले.

दिंडीतल्या बायकांनी मला भाची म्हणून आधी जेवायला वाढलं, मग कामाला लावलं. दिवेघाट चढायच्या दिवशी पहाटे बघते तर सगळ्याजणी मंगळसूत्र पदराआड ढकलून पदर पिनांनी पक्का करतायत. हा पोलीसबाईंचा नियम, अजून चालू. चोर ओळखायची तिची तऱ्हाही परभणीकडच्या एका मावशीने मला ऐकवली. कपाळाचा बुक्का आणि गळ्यातली माळ बघायचीच नाही, ती कुणीही घालतं. पाय बघायचे. आळंदीपासून चाललेल्याचे पाय वेगळे, सासवडला एसटीतून उतरलेल्याचे वेगळे. मी पुढे दोन-तीन मुक्काम लोकांचे पायच बघत चालले.

जेजुरीच्या अलीकडे एक आजी दिंडी चुकून रस्त्याकडेला रडत बसली होती. लोक तिला गाव विचारत होते, मुलाचा नंबर विचारत होते. आत्याचं शिकवलेलं मला आठवलं. पहिला प्रश्न, "रथापुढे की रथामागे?" मग दिंडीचा नंबर. पालखीच्या रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या मागे, आणि तोच आकडा दोन्हीकडे असतो. नुसता नंबर घेऊन माणूस भलत्याच दिंडीत पोचतं. आजी लगेच म्हणाली, "मागं." बाकीचं तिच्या पिशवीवर रंगाने लिहिलेलंच होतं.

आत्याला वारीत सगळ्यात काय आवडायचं, तर मुक्कामाच्या तळावरची समाजआरती. भजन नव्हे, कारभार! चोपदाराने हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावला की एवढा अफाट तळ गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, मग टाळ थांबतात. हरवल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशीच्या वाटचालीची वेळ सांगतात, आणि मग आरती. "यांचं ठाणं बघ. कागद नाही, पेन नाही, आणि तक्रार घेत नाही म्हणायची कुणाची टाप नाही," असं ती सांगायची. ठाणे अंमलदार म्हणून टेबलाशी बसलेल्या बाईला ते किती लागत असेल, हे मला तो तळ बघेपर्यंत कळलं नव्हतं.

ती स्वतः तक्रार फारशी करत नसे. एकदा बोलली होती. बंदोबस्ताला ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. "वारकरी बाई उसात शिरते गं, वर्दीतल्या बाईने कुठं जायचं?" आता वाटेवर फिरती शौचालयं उभी असतात, तेव्हा नव्हती. 2022 मध्ये राज्यातल्या महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी जाहीर झाली, तेव्हा ती केव्हाच निवृत्त झालेली. बातमी वाचून तिने एवढंच विचारलं, "आणि बंदोबस्ताला?"

नीरेच्या पुलावर आपले डोळे भरतील, असं मी धरून चालले होते. तसलं काही झालं नाही. मागून लोंढा असा आला की थांबायची सोयच नव्हती, आणि मी पाडेगावच्या बाजूला पोचून पाणी मागत होते. पलीकडच्या पोलिसांनी शिट्ट्या मारून आम्हाला डावीकडे घेतलं. आत्या असती तर दोर कुठे बांधायचा ते त्यांना सांगून आली असती. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडा धावला, तेव्हा घोड्यापेक्षा गर्दी धरून उभ्या असलेल्या पोलीस पोरींकडेच माझं लक्ष. सगळ्या घामाने भिजलेल्या, आणि एकीच्या बुटाची नाडी सुटलेली. ती बांधायला वाकली असती तर गर्दी आत आली असती.

पंढरपुरात आत्या कळसदर्शन घेऊनच परतायची. दर्शनबारीत कधी उभी राहिली नाही. कारण तिने दिंडीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलेलं: "रांग बघितली की मला ती सरळ करावीशी वाटते, देव राहतो बाजूला." मी मात्र बारीत शिरले. पत्राशेडमध्ये रात्रभर मागची बाई माझ्या खांद्यावर पेंगत होती आणि पुढचा म्हातारा दर तासाला वेळ विचारत होता.