बंद पडलेल्या कंपनीची सीडी

टोकियोतल्या नाकानो ब्रॉडवे या बाजार-इमारतीत एका जुन्या गेम्सच्या दुकानात दुकानदाराने पैसे घेण्याआधी डबी उघडली, सीडी बाहेर काढली, दिव्याखाली तिरकी धरली आणि कडेचा केसाएवढा ओरखडा बोटाने दाखवला. एवढं चालेल ना, असं विचारलं. डबीवरच्या चिठ्ठीत हे सगळं आधीच लिहिलेलं होतं: माहितीपुस्तिका आहे, कण्यावरची कागदी पट्टी आहे, सीडीला बारीक ओरखडा आहे, चालवून पाहिली आहे. पहिल्या प्लेस्टेशनच्या त्या सीड्यांची खालची बाजू काळी असते, तिच्यावर ओरखडा सापडायला नजर लागते. या माणसाने तो शोधला, लिहून ठेवला आणि वर गिऱ्हाइकाला दाखवला. ट्रेन वेळेवर येतात वगैरे तुम्ही वाचून कंटाळला असाल, मीही लिहून कंटाळले. पण त्या ओरखड्यापाशी मला खरोखर भरून आलं, कारण ज्या कंपनीने तो गेम केला ती बंद पडून दोन दशकं उलटली आहेत.

कंपनीचं नाव लव्ह-द-लिक. स्क्वेअरसारख्या मोठ्या गेम कंपनीतून बाहेर पडलेल्या काही जणांनी १९९५ मध्ये सुरू केलेली. केनिची निशी ‘क्रोनो ट्रिगर’वर काम केलेले, योशिरो किमुरा ‘रोमान्सिंग सागा’वर. म्हणजे राक्षस मारून, गुण गोळा करून शूरवीर मोठा होतो, असे गेम बनवणाऱ्या कारखान्यातलेच हे लोक. बाहेर पडून त्यांनी पहिला गेम काढला तो ‘मून’, ऑक्टोबर १९९७ मध्ये.

‘मून’मध्ये एक मुलगा टीव्हीसमोर बसून असाच शूरवीराचा गेम खेळत असतो. आई झोपायला सांगते, आणि तो टीव्हीच्या आत ओढला जातो. आत गेल्यावर तो कुणाला दिसतच नाही. एक आंधळी आजी त्याला आपला गेलेला नातू समजून घरात घेते, नातवाचे कपडे देते, आणि ते अंगात घातल्यावर लोकांना निदान कपडे तरी दिसू लागतात. बाहेर तो शूरवीर अजून फिरतोच आहे, लोकांच्या घरात शिरतोय, कपाटं उचकतोय, दिसेल तो प्राणी मारतोय. मुलाने करायचं काय, तर त्या मेलेल्या प्राण्यांचे आत्मे शोधून सोडवायचे आणि गावातल्या माणसांचं ऐकायचं. त्यातून प्रेम साठतं. प्रेम साठलं की तो जास्त वेळ जागा राहू शकतो, नाहीतर थकून कोसळतो. गावातल्या प्रत्येकाचा आठवडा वेगळा. कोण कुठल्या वारी कुठे भेटेल हे लक्षात ठेवावं लागतं, आणि ते ठेवता ठेवता ती माणसं आपली होऊन जातात. १९९७ साली असा विचार करणारी माणसं मला फार मोठी वाटतात. ‘अंडरटेल’ तुमच्यातल्या पुष्कळांनी खेळला असेल, तो करणाऱ्या टोबी फॉक्सनेही ‘मून’चं ऋण मान्य केलं आहे.

दुसरा गेम ‘यूएफओ’, १९९९ चा, अदृश्य परग्रहवासीयांचे फोटो काढून त्यांना सोडवण्याचा. तिसरा ‘लॅक ऑफ लव्ह’, नोव्हेंबर २००० मध्ये सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेमयंत्रावर आला. त्यात संवाद नाहीत. एक छोटा जीव इतर जिवांना मदत करत करत रूप बदलत जातो, आणि संगीत थेट नामवंत संगीतकार र्युइची साकामोतोंचं. काही महिन्यांतच सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवलं. तीन गेम झाले आणि लव्ह-द-लिक संपली.

माणसं मात्र संपली नाहीत. निशी ‘स्किप’ या कंपनीत गेले, किमुरांनी ‘पंचलाइन’ कंपनीतून २००२ मध्ये ‘चुलिप’ हा गेम काढला, त्यांचे सहकारी तारो कुदो ‘व्हॅनपूल’ कंपनीत गेले. ‘मून’मधल्या आजीच्या कुत्र्याचं नाव ताओ. हा निशींचा खराखुरा कुत्रा. २००५ मध्ये ‘स्किप’ने ‘चिबी-रोबो’ केला, त्यातल्या घरात पुन्हा तोच ताओ बसलेला आहे. कंपनी बदलली, कुत्रा बरोबर आला!

आता ती दुकानं. ती सुखासुखी टिकलेली नाहीत. नव्वदच्या दशकात मोठ्या गेम कंपन्यांच्या डोळ्यांत जुन्या गेम्सची विक्री खुपत होती. डब्यांवर फेरविक्रीला मनाई असल्याची खूण छापली गेली, दुकानदारांवर खटले झाले. एप्रिल २००२ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गेमला चित्रपटासारखा स्वामित्वहक्क आहे हे खरं, पण एक प्रत एकदा विकली की ती पुढे कोण कुणाला विकतो यावर कंपनीचा हक्क उरत नाही. हा निकाल उलटा लागता तर बंद पडलेल्या कंपनीच्या सीडीसाठी दिवा लावून बसलेला तो दुकानदारही नसता.

आपल्याकडे काही जपत नाहीत, असं इथले आपलेच लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो. प्रभात १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली, पुण्यात आली, १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले, १९५३ मध्ये कंपनी बंद झाली. तरी ‘संत तुकाराम’ आजही बघितला जातो आणि त्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. आणि जपान तरी काय, ऐंशीच्या दशकात इथल्या कित्येक कंपन्या दुसऱ्याने माणसं पळवू नयेत म्हणून गेमच्या शेवटी खरी नावंसुद्धा छापू देत नसत.

पण प्रभात म्हणजे प्रभात. छोट्यांचं काय? पुण्यात मी ज्या छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत काम करत होते तो बंद झाला, तेव्हा मालकांनी संगणक हार्डडिस्क पुसून विकले. मुलांसाठीचा एक गेम जवळजवळ पूर्ण झाला होता. त्यातल्या खारीची चाल बसवायला आम्ही कितीतरी रात्री जागलो होतो. नातेवाइकांनी एवढंच विचारलं, पगार बुडाला का? कामाचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. मी इथे का आले आणि परत का येत नाही, याचं घरच्यांना पटेल असं उत्तर मला कधी देता आलं नाही. पगार हे एक कारण आहेच, नाही म्हणत नाही. पण अर्धवट, छोट्या, तोट्यातल्या कामालाही इथे कुणीतरी चिठ्ठी लावून ठेवतं. माझ्यासारखीला तेवढं पुरतं.

किमुरांनी पुढे २०१२ मध्ये ‘ओनियन गेम्स’ ही कंपनी काढली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘मून’ जपानमध्ये निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्रावर पुन्हा आणला. इंग्रजी आवृत्ती २०२० मध्ये आली, त्यामुळे जपानी येत नसलं तरी अडत नाही. नाशिकच्या माझ्या भाच्याला मी तीच घ्यायला लावली आहे.

त्या स्टुडिओतलं कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. शेवटच्या आठवड्यात आपल्यापैकी दोघा-तिघांनी काही फायली सीडीवर उतरवून घेतल्या होत्या, असं मला पक्कं आठवतंय. माळ्यावर, जुन्या बॅगेत, कुठेही असेल. ओरखडे असले तरी चालतील. कुरिअरचा खर्च मी देईन.