तुम्ही विचारलंत म्हणून : ‘रे ऑफ लाइट’मधले आत्मपरीक्षण खरे होते का?

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताविषयी मी लिहीत आणि बोलत असल्यामुळे एक प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. मडोनाच्या १९९८ सालच्या ‘रे ऑफ लाइट’ या अल्बममध्ये जे आत्मपरीक्षण ऐकू येते ते खरे आहे, की तिने कारकिर्दीत घेतलेल्या अनेक रूपांपैकी ते आणखी एक? प्रश्न रास्त आहे, कारण ‘एरॉटिका’ या अल्बमला आणि त्या काळातल्या तिच्या उघड लैंगिक प्रतिमेला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात या अल्बममधले एक संस्कृत गाणे असते. काहींना ते तिच्या साधनेचा पुरावा वाटते, तर काहींना नेमका दिखाऊपणाचा. मला वाटते, आधी अल्बम कसा घडला ते पाहावे. या प्रश्नाचे उत्तर शब्दांपेक्षा आवाजात आहे, आणि सर्वांत स्पष्टपणे ते शेवटच्या गाण्यात आहे.

संस्कृत गाण्याबद्दल मात्र आधी सांगायला हवे. ‘शांती/अष्टांगी’ या गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘योगतारावली’तल्या आहेत, आणि म्हैसूरच्या पट्टाभी जोईस यांच्या अष्टांग योगाच्या परंपरेत सरावाआधी त्या म्हटल्या जातात. संसाररूपी हालाहलाने आलेला मोह शमवणाऱ्या विषवैद्यासारखे गुरूंचे चरण आहेत, त्यांना मी वंदन करतो, असा त्या श्लोकाचा आशय आहे. मडोना त्या काळात हाच योग करीत होती, आणि उच्चारांसाठी तिने वाराणसीचे संस्कृत विद्वान वागीश शास्त्री यांचे मार्गदर्शन घेतले होते. म्हणजे मेहनत खरी होती. मीसुद्धा अनेक वर्षे याच गाण्याला अल्बमचा गाभा मानत होते. आज तसे वाटत नाही, कारण या गाण्यात आपल्याला ऐकू येते ती दुसऱ्याचे शब्द चुकू नयेत म्हणून जपून म्हणणारी विद्यार्थिनी. पाठ केलेल्या प्रार्थनेतून म्हणणाऱ्याची श्रद्धा कळू शकते. त्याने स्वतःकडे पाहिले की नाही, हे त्यातून कळत नाही.

आवाज बदलला होता तो त्याआधीच. १९९६ साली प्रदर्शित झालेल्या ॲलन पार्कर यांच्या ‘एविता’ या चित्रपटात जवळजवळ सगळी कथा गाण्यांतूनच पुढे जाते, आणि त्यासाठी मडोनाला गाण्याचे रीतसर शिक्षण घ्यावे लागले. श्वासाचा आधार आणि वरच्या स्वरांत मोकळेपणाने जाण्याची सवय तिला तिथे मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्या मुलीचा, लूर्देसचा जन्म झाला. त्यानंतर ती नव्या गाण्यांकडे वळली. बेबीफेस या अमेरिकी निर्मात्याबरोबर केलेले काम तिने बाजूला ठेवले, पॅट्रिक लेनर्ड आणि रिक नोवेल्स यांच्याबरोबर गाणी लिहिली, आणि मग विल्यम ऑर्बिट या इंग्लिश निर्मात्याने पाठवलेल्या टेपवरचे संगीताचे तुकडे ऐकून त्याला कामावर बोलावले.

पुढचे काम १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागातल्या लॅराबी नॉर्थ स्टुडिओत सुमारे साडेचार महिने चालले. झटपट काम उरकण्याची सवय असलेल्या गायिकेसाठी हा काळ फार मोठा होता, आणि तोवर कोणत्याही अल्बमला तिने इतका वेळ दिला नव्हता. ऑर्बिटची पद्धतच तशी होती. वादकांचा ताफा नाही. सँपलर (ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणारे यंत्र), जुने ॲनालॉग सिंथेसायझर आणि संगणक यांच्यातून एकेक ध्वनी तो जवळजवळ एकट्याने रचत जाई, आणि मध्येच यंत्र बिघडले की सगळ्यांना थांबावे लागे. माझ्या मते या थांबण्याचा अल्बमला फायदाच झाला. काम फार घोटू नये, फार सजवू नये, हे मडोनाचे म्हणणे असे. त्यामुळे ऑर्बिटच्या यंत्रांतले खरखरणारे, किंचित हलणारे आवाज आणि तिच्या गळ्यातले ताण पुसले न जाता तसेच राहिले.

शीर्षकगीताचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्याचे मूळ शब्द तिचे नाहीत. कर्टिस मल्डून या इंग्लिश जोडीने १९७१ साली ध्वनिमुद्रित केलेल्या एका गाण्यावर ते आधारलेले आहे. त्या जोडीतल्या एकाची पुतणी क्रिस्टीन लीच हिने ते शब्द ऑर्बिटच्या संगीतावर गाऊन पाहिले होते, आणि ते ऐकून मडोनाने त्यात भर घालून फेरफार केले. तरीही गाणे तिचे झाले ते गायनामुळे. ऑर्बिटने तिला तिच्या सोयीच्या पट्टीपेक्षा अर्धा सूर वर गायला लावले, कारण त्याला तिचा आवाज टोकाला ताणलेला हवा होता. शेवटच्या उंच पुकारांत तो ताण आनंदासारखाही ऐकू येतो आणि भीतीसारखाही. वर्षानुवर्षे स्वतःच्या प्रतिमेवर पक्की पकड ठेवलेल्या बाईने आपला आवाज निसटण्याच्या बेतात असताना तसाच लोकांसमोर ठेवला, हे मला त्या श्लोकापेक्षा मोठे धाडस वाटते.

‘स्विम’ या गाण्याचे मुद्रणही असेच ऐकण्यासारखे आहे. पाप धुऊन काढण्यासाठी समुद्रात उतरण्याचे हे गाणे, तिचे मित्र, फॅशन डिझायनर जियानी व्हर्साचे यांची हत्या झाली त्याच दिवशी, १५ जुलै १९९७ रोजी ती गायली.

प्रकाशनाबद्दल फार लिहायला नको. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘फ्रोझन’ हे गाणे आधी आले. मोहावी वाळवंटात चित्रित झालेल्या त्याच्या व्हिडिओत ती काळ्या वस्त्रांत आणि मेंदी काढलेल्या हातांनी दिसते. ३ मार्चला अल्बम अमेरिकेत आला, पण ‘टायटॅनिक’ चित्रपटाच्या संगीताच्या अल्बममुळे तो तिथल्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत दुसऱ्या स्थानावर थांबला. १९९९ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला चार पुरस्कार मिळाले. त्याआधी १९९८ च्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात तिने कपाळावर गंध लावून गाणी सादर केली, तेव्हा एका वैष्णव संघटनेने आक्षेप घेतला होता. तो आक्षेप मला समजतो, आणि साधनेची चिन्हे रंगमंचावर वेषभूषा होऊन येतात तेव्हा मीही अस्वस्थ होते. तुमची शंका इथे योग्य आहे.

पण मग तेरावे आणि शेवटचे गाणे ऐका. बारावे गाणे, ‘लिटल स्टार’, मुलीसाठी आहे, कोवळे, आशीर्वादासारखे. कोणताही व्यवहारी निर्माता तिथेच अल्बम संपवता, कारण आई होऊन शांत झालेली स्त्री हा शेवट सर्वांना आवडला असता. मडोनाने त्यानंतर ‘मर गर्ल’ ठेवले. १ डिसेंबर १९६३ रोजी तिची आई स्तनाच्या कर्करोगाने गेली, तेव्हा ती पाच वर्षांची होती, आणि हे गाणे त्या आईच्या थडग्यापाशी जाते. त्यात नाचता येईल असा ठेका नाही, पुन्हा पुन्हा येणारे धृपद नाही. एक बाई घरातून, आपल्या मुलीपासून पळत पावसात जाते आणि आईला पुरले आहे त्या मातीपाशी पोचते. ती माती तिला आत ओढून घेते आणि कुजण्याचा वास तिच्यापर्यंत येतो. आवाज जवळजवळ बोलण्याइतका खाली आलेला असतो, आणि सांत्वन कुठेही मिळत नाही. शेवटी ती पुन्हा पळू लागते आणि अल्बम तिथेच थांबतो.

२००१ च्या दौऱ्यात तिने हे गाणे रंगमंचावर आणले, तेव्हा त्याचे दोन भाग केले आणि मध्ये ‘स्काय फिट्स हेवन’ हे वेगवान गाणे घातले. ते संपले की प्रेक्षकांना पुन्हा त्याच मातीपाशी परतावे लागत असे.