चपलांची तोंडं दाराकडे

रविवार, रात्री सव्वाअकरा

आज तोच कागद चौथ्यांदा खरवडला. सकाळपासून झिमझिम चालू आहे. ॲक्रिलिक एरवी वीस मिनिटांत वाळतं, आज पंखा पाचवर ठेवून तासाभरानेही बोटाला चिकटतंय. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला जाड कागद आहे, सुती चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून टिकला. साध्या कार्ट्रिज कागदाला दुसऱ्या खेपेलाच भोक पडलं असतं.

खरवडायचं कारण तेच. डाव्या कोपऱ्यात रोलर फिरवता फिरवता एक गोल तयार झाला, त्यावर तपकिरी ओघळ आला आणि झाला की भांग पाडलेला चेहरा. चित्र माझ्याकडे चौदा महिने राहून गेलेल्या मुलीचं, पण चेहरा काढायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलंय.

सुरुवातीला ते कायद्यामुळे ठरलं. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायचं नाही. केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझं चित्र बघून पकडायला कोण येणार आहे म्हणा. पण गृहभेटीला आलेल्या बाई चहा पिता पिता म्हणाल्या, "ताई, स्टेटसला फोटो नको हं," ते डोक्यात बसलं. चौदा महिन्यांचे फोनमधले फोटो किती, तर एकोणीस. पाठमोरी वेणी, तळजाई टेकडीच्या वाटेवर पडलेली सावली, मेंदीचा हात. कुणी पाहिले तर म्हणेल, चित्रकलेच्या बाईंना साधा फोटो काढता येत नाही.

ती का आली, तिच्या घरी काय झालं होतं, ते मी कुणाला सांगत नाही. या वहीतही लिहिलेलं नाही. ते तिचं आहे, मोठी झाली की सांगेल, नाहीतर नाही सांगणार. मग मला चितारायला उरतं काय? माझ्या दोन खोल्यांत जे घडलं, तेवढंच.

आली तेव्हा सात वर्षांची होती. हातात साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी, तिला दोन गाठी. चपला दारात काढल्या, पण तिथे ठेवल्या नाहीत. उचलून आत आणल्या आणि पलंगाखाली नीट मांडल्या, तोंडं दाराकडे करून. निळ्या रबरी, डाव्या चपलेचा पट्टा सेफ्टी पिनेने अडकवलेला. मी म्हटलं, अगं, बाहेर रॅक आहे. "असू दे," म्हणाली, एखाद्या पोक्त बाईसारखी. झाडताना माझ्या हातून सरकल्या की थोड्या वेळाने बघावं तर पुन्हा सरळ. नव्या आणल्या, तर त्याही तिथेच आणि तशाच.

सोसायटीत सगळ्यांना वाटलं दत्तक घेतली. सांगून सांगून थकले. दत्तक म्हणजे मूल कायद्याने आपलं, कायमचं. इथे मूल बाल कल्याण समितीच्या आदेशावर आपल्याकडे राहतं आणि घरचे सावरले की परत जातं. आधी त्यासाठी जोडपं लागायचं. २०२४च्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि माझ्यासारख्या एकटीलाही अर्ज करता आला. "म्हणजे सांभाळायला ठेवलीय होय," इति खालच्या मजल्यावरच्या काकू. सरकारी कागदावर मी प्रतिपालक. बखरीतल्या राजाची बिरुदावली वाटते. इंग्रजीत फॉस्टर म्हणावं तर भावाला बिअर आठवते. ताईचं वेगळंच, "दोन वर्षं झाली की दत्तक घेता येतं ना गं?" येतं, पण मूल त्यासाठी कायद्याने मोकळं असावं लागतं. हिची आजी होती. आजीने हिला एक दिवसही सोडलेलं नव्हतं, फक्त तेव्हा सांभाळणं जमत नव्हतं.

तिने स्वतः शब्दाचा घोळ घातला नाही. आधी मॅडम, मग मावशी. एकदा तापात "आई" म्हणाली. ती हाक मला नव्हती. तरी मी ओ दिली. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तर चित्र. सगळ्यात खाली त्या पिशवीचा पिवळा. त्यावर पातळ पांढरा, पुन्हा पांढरा, आदेशाच्या कागदांसारखे थर. मग पॅलेट नाइफने ओरबाडायचं, पिवळा जिथे वर येईल तिथे येऊ द्यायचा. चित्रकार गायतोंडे रोलर आणि नाइफनेच काम करत, आणि आपल्या चित्रांना कुणी अमूर्त म्हटलेलं त्यांना पटत नसे. माझी काही तेवढी पोच नाही. माझा हात मोकळा असेपर्यंत ठीक चालतं. मनात "विरह" आला की संपलं, निळा रंग, रिकामा झोका, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. शिवाय ते खोटं. मे महिन्यात तिला आजीकडे सोडून आले त्या दिवशी मी रडले नाही, दहा तास झोपले.

उजव्या कडेला गेरूच्या दोन छोट्या खुणा आहेत, बाहेर निघालेल्या. तिथेच सगळं अडतंय. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांना मी वीस वर्षं बजावतेय, नजर कागदाबाहेर जाऊ द्यायची नाही, मार्क जातात. आणि या खुणा तर नजरेला हाताला धरून बाहेर नेतात. तीनदा पुसून आत घेतल्या. आत आल्या की त्या चपला राहत नाहीत, नक्षी होते.

जायच्या कितीतरी आधी तिच्या चपला बाहेरच्या रॅकमध्ये गेल्या होत्या, माझ्या सँडलवर, एक उलटी. ते मला कळलं एका पावसाळी सकाळी, माझी सँडल शोधताना. म्हणजे त्याआधीच कधीतरी गेल्या होत्या. कुठल्या दिवशी?

आत्ता तासभर गेल्या वर्षीची वही चाळली. जून, जुलै, अर्धा ऑगस्ट. "गॅस संपला." "पालकसभा, गणिताच्या बाई बरं बोलल्या." "जांभळं महाग." "हिची वेणी घालताना उवा सापडल्या, मलाही झाल्या असणार." रोज चार ओळी आहेत, एकही दिवस सुटलेला नाही. चपलांचं कुठेच नाही.

सोमवार, सकाळी साडेसहा

कागद वाळला. खुणा पुन्हा काढल्या, या वेळी अगदी कडेवर. दोन्ही निम्म्या कागदावर, निम्म्या खालच्या बोर्डवर. बोर्ड पुसायचा राहिलाय. पहिला तास आठवी ब, निघायला हवं.